विजेची शेगडी: बिघाडांचा इतिहास

विजेच्या शेगडीचा इतिहास शोधांची यादी करून सांगता येतो. अमुक साली अमक्याने पेटंट घेतलं, तमुक साली तमक्याने कारखाना काढला... शाळेत आपण सगळा इतिहास असाच घोकला. पण दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधून पोट भरणाऱ्या माणसाला आणखी एक इतिहास जास्त जवळचा वाटतो, तो म्हणजे बिघाडांचा. कुठल्याही जुन्या सॉफ्टवेअरची व्हर्जन हिस्टरी उघडून बघा. प्रत्येक व्हर्जन आधीची एक कटकट संपवतं आणि स्वतःची एक नवीन घेऊन येतं. शेगडीचंही गेली सव्वाशे-दीडशे वर्षं हेच चाललंय. आणि गंमत म्हणजे पहिल्या व्हर्जनमधला एक बग अजून फिक्स झालेला नाही. तो तुमच्या स्वयंपाकघरात आत्ता या क्षणी असू शकतो. त्याच्याकडे शेवटी येऊच.

तार टिकेना

मूळ कल्पना अगदी साधी. तारेतून करंट गेला की तार तापते. किती तापते हे जेम्स जूलने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मोजून सांगितलं: करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. हा नियम लक्षात ठेवा, पुढे दोन-तीनदा लागणार आहे. मग त्यावर भात शिजवायला पुढची पन्नास वर्षं का लागली? कारण स्वयंपाकाला पुरेल इतकी तापवली की तार जळून जायची. लोखंडाची तार लालभडक झाली की हवेतल्या ऑक्सिजनने खाऊन टाकायची. प्लॅटिनम टिकायचं, पण प्लॅटिनमची शेगडी कोण घेणार?

तरीही हौशी लोक होतेच. १८९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात थॉमस अहर्न यांनी विंडसर हॉटेलात एक अख्खं जेवण विजेवर शिजवून दाखवलं. इंग्लंडमध्ये क्रॉम्प्टन कंपनीने (हो, तुमच्या पंख्यावर जे नाव आहे त्याच घराण्यातली) तार हवेपासून वाचवायला ती इनॅमलच्या थरात गाडून टाकली. आयडिया झकास, पण तापल्यावर धातू आणि इनॅमल वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. मग इनॅमलला तडे, तड्यातून हवा, आणि पुन्हा तार खलास.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली नावाच्या खाणींच्या गावात डेव्हिड कर्ल स्मिथ या इंजिनियरने १९०५ मध्ये शेगडीचं पेटंट घेतलं. त्या शेगडीला थर्मोस्टॅट नव्हता. एकूण नऊ एलिमेंट होती, त्यातली किती चालू ठेवायची यावर आच ठरायची. बायको नोरा यांनी १९०७ मध्ये या नव्या शेगडीसाठी पाककृतींचं पुस्तकच लिहिलं. एका अर्थाने ते शेगडीचं युजर मॅन्युअल, फक्त खाता येण्यासारखं :)

मार्शची तार, आणि आपली लाल कॉइल

खरा फरक पडला फेब्रुवारी १९०६ मध्ये. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना निकेल आणि क्रोमियम यांच्या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. हेच आपलं नायक्रोम. साधारण ८० टक्के निकेल, २० टक्के क्रोमियम. ही तार तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो, आणि तो थरच आतल्या धातूला हवेपासून सांभाळतो. म्हणजे ज्या गंजाने आधीच्या तारा मारल्या, त्याच गंजाचं इथे चिलखत झालं. टोस्टर, इस्त्री, गीझर, हीटर... आजचं तुमचं निम्मं घर या एका तारेच्या जिवावर चालतं.

आपल्याकडे ही तार आली ती उघड्या कॉइलच्या शेगडीतून. पांढऱ्या चिनीमातीच्या थाळीत गोल गोल खाचा, त्यात बसवलेली स्प्रिंगसारखी कॉइल, आणि खाली पत्र्याचे पाय. होस्टेलवर राहिलेल्या कुणालाही तिची ओळख करून द्यायला नको. रेक्टरला दाखवायची नाही आणि मॅगीच्या वेळी बाहेर काढायची, ती.

या शेगडीचा बिघाड डोळ्यांना दिसायचा, हा तिचा मोठेपणा. दूध उतू गेलं, कॉइलवर पडलं, तार तुटली. मग प्लग काढायचा, गार होऊ द्यायची, तुटलेली दोन टोकं ओढून एकमेकांत पिळायची की शेगडी पुन्हा चालू! लोखंडी सामानाच्या दुकानात नवी कॉइल मिळायची, तीही घरीच बसवता यायची. दुरुस्ती म्हणजे पक्कड आणि पाच मिनिटं.

पण या पिळलेल्या जोडात एक गोम आहे. २००० वॉटच्या कॉइलचा रेझिस्टन्स २३० व्होल्टला साधारण साडेसव्वीस ओहम. जोड देताना समजा एक दशांश कॉइल वाया गेली. रेझिस्टन्स तेवढा कमी, म्हणून करंट जास्त, आणि शेगडी झाली २२०० वॉटच्या वर. आच वाढली म्हणून घरातले खूश. पण तीच जास्तीची आच तारेचं उरलेलं आयुष्य खाते. वर पिळलेला जोड नीट घट्ट नसेल तर तिथेच ठिणग्या, तिथेच जास्त उष्णता, आणि पुढच्या वेळी तार बरोबर तिथेच तुटते. प्रत्येक दुरुस्तीने पुढची दुरुस्ती जवळ आणायची. प्रॉडक्शन सर्व्हरवर रात्री दोन वाजता मारलेला पॅच आठवला ना? तोच प्रकार.

याहून मोठा प्रश्न जिवाचा. उघडी कॉइल म्हणजे उघडी लाइव्ह वायर. पातेल्याचं बूड किंवा सांडशी कॉइलला टेकली आणि अर्थिंग धड नसेल तर पुढचं सांगायला नको. म्हणूनच इतिहास पुढे सरकला तो तार झाकण्याच्या दिशेने.

तार झाकली, बिघाड आत गेला

१९२० आणि ३० च्या दशकांत दोन दिशांनी काम झालं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने कॅलरॉड नावाचं एलिमेंट आणलं. धातूची नळी, तिच्या मधोमध नायक्रोमची कॉइल, आणि भोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड. ही पूड उष्णता जाऊ देते पण करंट जाऊ देत नाही. तिकडे जर्मनीत कार्ल फिशर यांनी बिडाची सपाट हॉटप्लेट तयार केली आणि १९३१ मध्ये ई.जी.ओ. ही कंपनी काढली. दोन्हीत तार दिसत नाही, तिला हवा लागत नाही, दूध लागत नाही, माणसाचा हातही लागत नाही.

मग बिघाड संपले का? छे! त्यांनी घर बदललं. तार सुरक्षित झाल्यावर आता टोकं जळायला लागली, म्हणजे जिथे एलिमेंट वायरला जोडलं जातं ते जोड. दुसरं म्हणजे ती पूड ओल धरते. शेगडी पावसाळाभर माळ्यावर पडून राहिली आणि मग लावली तर अर्थ लीकेज होऊन ब्रेकर ट्रिप होऊ शकतो. अशा वेळी आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे अर्थची वायर काढून टाकणे. कृपा करून हे करू नका! ब्रेकर जे सांगतोय ते ऐका, आणि पुन्हा पुन्हा ट्रिप होत असेल तर एलिमेंट बदला.

ऑनसाइटला अमेरिकेत गेलेल्या मंडळींची पहिली गाठ पडते ती याच कॅलरॉडच्या नातवंडांशी. भाड्याच्या अपार्टमेंटमधल्या रेंजवर दोन मोठ्या आणि दोन छोट्या काळ्या वेटोळ्या असतात, त्या याच. पोळी फुगवायची कशी हा तिथला राष्ट्रीय प्रश्न, तो बाजूला ठेवू. या वेटोळ्या सॉकेटमध्ये खोचलेल्या असतात, ही त्या डिझाइनमधली सगळ्यात सुंदर गोष्ट. एक बर्नर चालेना, तर मेन ब्रेकर बंद करा, वेटोळं गार झाल्याची खात्री करा, ते उपसून त्याच मापाच्या दुसऱ्या बर्नरच्या जागी लावा. तिथे चाललं, तर वेटोळं ठणठणीत आहे आणि दोष आधीच्या सॉकेटमध्ये किंवा बटणात. तिथेही चाललं नाही, तर वेटोळंच गेलंय. मीटर नको, मेकॅनिक नको. आपण ज्याला आयसोलेशन म्हणतो तेच, फक्त स्वयंपाकघरात.

याच वेटोळ्यांच्या बाबतीत अलीकडचा एक बदल माहीत असलेला बरा. तेल तापत ठेवून विसरल्याने लागणाऱ्या आगी कमी व्हाव्यात म्हणून अमेरिकेतल्या सुरक्षा मानकात बदल झाला आणि २०१८ पासून तिथल्या नव्या कॉइल शेगड्यांना तापमानावर मर्यादा आली. बऱ्याच वेटोळ्यांच्या मध्यभागी आता एक छोटी चकती दिसते, ती भांड्याच्या बुडाला टेकून तापमान बघते आणि जास्त झालं की करंट तोडते. बूड वाकडं असलेलं भांडं ठेवलं तर तिचा अंदाज चुकतो आणि पाणी लवकर उकळतच नाही. लोक म्हणतात शेगडी बिघडली. शेगडी बरोबर आहे, भांडं सपाट हवं.

काचेची पाळी

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांनी काचेचा एक नमुना भट्टीत ठेवला होता. भट्टी ६०० अंशांवर राहायची ती बिघडून ९०० च्या आसपास गेली. काच वितळून भट्टीचं वाटोळं झालं असणार असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात आत एक पांढरी, अखंड प्लेट होती. बाहेर काढताना ती हातून निसटली, जमिनीवर आपटली आणि फुटलीच नाही! भट्टीच्या एका बिघाडातून ग्लास-सिरॅमिकचा जन्म झाला. बिघाडांच्या इतिहासात एखादा बिघाड असा हिरोही निघतो.

हे मटेरियल तापल्यावर जवळजवळ प्रसरण पावत नाही. म्हणजे क्रॉम्प्टनच्या इनॅमलला जो रोग झाला होता त्यावर औषध मिळालं, फक्त साठ वर्षांनी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॉर्निंगने आणि ७० च्या सुरुवातीला जर्मनीच्या शॉटने (सेरान हे त्यांचंच नाव) सपाट काचेच्या शेगड्या बाजारात आणल्या. काचेखाली लाल होणारी कॉइल, वर गुळगुळीत पृष्ठभाग.

इथे एक गैरसमज हमखास होतो. काचेखालचा लाल प्रकाश मध्येच विझतो, पुन्हा लागतो, पुन्हा विझतो, आणि लोक तक्रार नोंदवतात. तो बिघाड नाही. अशा बहुतेक शेगड्यांत आच कमी करणं म्हणजे कॉइल थोडा वेळ पूर्ण चालू आणि थोडा वेळ पूर्ण बंद. साध्या बटणाच्या शेगडीत हे काम आत तापून वाकणारी दोन धातूंची पट्टी करते. बिघाड कधी समजायचा? मंद आचेवर ठेवूनही प्रकाश विझतच नाही तेव्हा. मग ते बटण बदलायची वेळ झाली.

काचेचे खरे शत्रू दोन. एक, जड भांडं आपटणं. दुसरा, साखर. पाक किंवा चिक्कीचा गूळ गरम काचेवर सांडला आणि तिथेच गार झाला, तर तो काचेला इतका घट्ट धरतो की निघताना काचेचा कपचा घेऊन निघतो. बाकी सगळं सांडलेलं शेगडी गार झाल्यावर पुसा. साखर मात्र गरम असतानाच, आच बंद करून, हात सांभाळून खरवडून काढायची. आणि काचेला तडा दिसला तर तो कितीही बारीक असो, प्लग काढायचा आणि शेगडी वापरणं बंद. तड्यातून पाणी खाली गेलं की ते सरळ विजेपर्यंत पोचतं.

इंडक्शन: तार पातेल्यातच गेली

पुढची उडी सगळ्यात मोठी. तापणारी तारच काढून टाकली! काचेखाली तांब्याची चपटी कॉइल, तिच्यात सेकंदाला वीस हजार किंवा जास्त वेळा दिशा बदलणारा करंट, त्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र, आणि त्यामुळे पातेल्याच्या बुडातच करंट निर्माण होतो. तापतं ते पातेलं. जूलचा नियम तोच, फक्त आता रेझिस्टन्सची भूमिका पातेलं करतं.

अमेरिकेत वेस्टिंगहाउसने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी शेगडी बाजारात आणली. किंमत भांड्यांसकट १५०० डॉलर, तेव्हाचे! इतका करंट इतक्या वेगाने चालू-बंद करणारा स्वस्त स्विच तेव्हा नव्हता. तो पुढे मिळाला तो आयजीबीटी या सेमीकंडक्टरमुळे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकमध्ये तो घडवणारे बी. जयंत बालिगा हे मूळचे चेन्नईचे, आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. याच कामासाठी २०२४ मध्ये त्यांना फिनलंडचा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार मिळाला. तुमच्या इंडक्शनच्या पोटात नखाएवढी जी चिप सगळं ओझं उचलते, ती हीच.

आपल्याकडे गॅस सिलिंडर १९५५ च्या सुमारास मुंबईतून सुरू झाला आणि हळूहळू शहरी स्वयंपाकघर त्याचंच झालं. महाराष्ट्रात भारनियमनाच्या वर्षांत तर विजेवर स्वयंपाकाचा विचारही कुणी केला नसता. चित्र बदललं सप्टेंबर २०१२ मध्ये, जेव्हा सरकारने सवलतीच्या सिलिंडरवर वर्षाला सहाची मर्यादा घातली. ही मर्यादा पुढे नऊ आणि मग बारा झाली, पण तोवर बऱ्याच घरांत गॅसशेजारी एक काळी चपटी शेगडी येऊन बसली होती.

आणि तिच्याबरोबर आले बिघाड, जे आता अजिबात दिसत नाहीत. स्वस्त शेगड्यांत बहुधा एकच आयजीबीटी असतो आणि काम करताना त्याच्यावर हजार व्होल्टच्या घरात ताण येतो. तो जास्त तापला किंवा लाइनमध्ये मोठा व्होल्टेजचा झटका आला की तो शॉर्ट होतो, बोर्डावरचा फ्यूज उडतो, कधी एमसीबीही पडतो. इथे फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. चांगला मेकॅनिक काय करतो ते बघण्यासारखं असतं. नवा आयजीबीटी लावल्यावर तो शेगडी थेट लाइनला जोडत नाही, आधी मध्ये साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावतो. बल्ब भक्कन पेटला आणि तसाच राहिला, तर शॉर्ट अजून आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या तंत्राचा बल्ब आजच्या चिपचा जीव वाचवतो!

मग घरी काय करायचं?

आता या इतिहासाचा उपयोग. इंडक्शन बंद पडलं की आपण घाबरून थेट शेवटच्या व्हर्जनपासून सुरुवात करतो: बोर्ड गेला! त्याऐवजी सगळ्यात जुन्या बिघाडापासून पुढे या.

१. आधी प्लग आणि सॉकेट. हाच तो सुरुवातीला म्हटलेला जुना बग: सैल जोड. २००० वॉट म्हणजे ८.७ अँपिअर. जोडात फक्त अर्धा ओहम रेझिस्टन्स आला तर जूलच्या नियमाने तिथे जवळजवळ ३८ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न २५ किंवा ३५ वॉटचं असतं, म्हणजे तुमच्या भिंतीत एक सोल्डरिंग आयर्न चालू आहे! अर्धा तास स्वयंपाक झाल्यावर स्विच बंद करून प्लग काढा. प्लास्टिक तपकिरी झालंय, जळका वास येतोय किंवा पिना चटका बसेल इतक्या गरम आहेत, तर इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेट बदला. आणि शेगडी १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला नाही.

२. मग भांडं. फ्रिजवरचं मॅग्नेट बुडाला चिकटतं का? तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि बरीचशी स्टीलची भांडी इथे चालत नाहीत. बीप वाजून शेगडी बंद होत असेल तर पहिला संशयित भांडंच.

३. मग हवा. थोडा वेळ चालून शेगडी आपोआप बंद पडते, याचं नेहमीचं कारण म्हणजे आत कोंडलेली उष्णता. शेगडी उलटी करून जाळी बघा. फोडणीच्या तेलाची वाफ आणि धूळ मिळून तिथे छान नमदा तयार झालेला असतो. प्लग काढून कोरड्या ब्रशने साफ करा. शेगडीखाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ घालू नका, पंखा तो कागद ओढून स्वतःचंच नाक दाबतो. स्वयंपाक झाल्यावर पंखा फिरत असेपर्यंत मेन स्विच बंद करू नका. आणि झुरळं! उबदार, अंधारी, खरकट्याजवळची जागा त्यांना अजून कुठे मिळणार? बोर्डावर एक झुरळ आडवं झालं की शॉर्ट. ओटा रात्री कोरडा ठेवणं हाही इलेक्ट्रॉनिक्सचा मेंटेनन्सच आहे.

४. मग एरर कोड. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, त्यामुळे दुसऱ्याच्या शेगडीचा अर्थ आपल्याला लावू नका. मॅन्युअल शोधा आणि त्या पानाचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा.

५. एवढ्यानंतरही बंद असेल, तरच बोर्ड. इथे आपण थांबायचं. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. पण मेकॅनिककडे जाताना आता तुम्ही “चालत नाही” एवढंच सांगणार नाही. “सॉकेट बघितलं, भांडं बदललं, जाळी साफ आहे, पाच मिनिटांनी अमुक कोड येतो” असं सांगाल. चांगल्या बग रिपोर्टची किंमत तुम्हाला मी काय सांगू!

दुरुस्ती कुणाची?

हा सगळा प्रवास एका ओळीत सांगायचा तर शेगडी सुरक्षित होत गेली आणि दुरुस्ती घरापासून लांब जात गेली. कॉइलची शेगडी कुणीही उघडू शकायचं, पण ती जीवही घेऊ शकायची. इंडक्शन तितकं धोक्याचं नाही, पण बंद पडलं की “बोर्ड मिळत नाही, नवीनच घ्या” हे उत्तर तयार असतं. शे-दोनशे रुपयांच्या भागासाठी अख्खी काच, तांबं आणि प्लास्टिक भंगारात. २०२२ मध्ये केंद्र सरकारने राइट टू रिपेअरसाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं, आणि घरगुती उपकरणं त्यात आहेत. कायदे होतील तेव्हा होतील. सुट्या भागांसाठी आपण विचारलंच नाही तर दुकानदार ते ठेवणार तरी कशाला?

म्हणून पुढची शेगडी घेताना किती वॉट, किती मेनू आणि टच पॅनल कसं आहे याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा: काच आणि बोर्ड वेगळे मिळतात का, आणि या शहरात दुरुस्त कोण करतं? सेल्समन थोडा गोंधळेल. गोंधळू दे.

तोवर या शनिवारी एक काम करा. शेगडीचा प्लग काढा आणि त्याच्या पिना नीट निरखून बघा.